संज्ञापनशास्त्राचे ‘चार जनक’ : ही वंशावळ लिहिली कुणी?

शब्दवेल (धागालेखिका)

नमस्कार मंडळी,

जनसंज्ञापनाचं (मास कम्युनिकेशनचं) कुठलंही पाठ्यपुस्तक उघडलं की सुरुवातीच्याच पानांत चार नावं भेटतात. राज्यशास्त्रातले हॅरॉल्ड लासवेल, समाजशास्त्रातले पॉल लाझार्सफेल्ड, मानसशास्त्रातले कुर्ट लेविन आणि कार्ल होवलँड. ‘संज्ञापनशास्त्राचे चार जनक’ या मथळ्याखाली मुलं ती पाठ करतात आणि पेपरात उतरवून येतात. मी हा विषय शिकवते आणि दरवर्षी या प्रकरणाशी माझं भांडण होतं. या चौघांपैकी एकानेही संज्ञापनाच्या विभागात आयुष्य काढलं नाही. लासवेल अखेरपर्यंत राज्यशास्त्राचेच राहिले. होवलँड येलच्या मानसशास्त्र विभागात होते. लेविन १९४७ साली वारले, तेव्हा अमेरिकेत संज्ञापनाच्या नावाची संशोधनसंस्था नुकती कुठे उभी राहत होती. मग यांना जनक ठरवलं कुणी?

उत्तर एका नावात देता येतं : विल्बर श्रॅम.

श्रॅम १९०७ साली ओहायोतल्या मॅरिएटा गावात जन्मले. शिक्षण इंग्रजी साहित्याचं, पीएचडी आयोवा विद्यापीठाची. तिथल्या नामांकित लेखन कार्यशाळेचे ते पहिले संचालक आणि स्वतः कथा लिहिणारे. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर ते वॉशिंग्टनला गेले आणि सरकारच्या ‘ऑफिस ऑफ फॅक्ट्स अँड फिगर्स’मध्ये काम करू लागले. त्या कचेरीचे प्रमुख होते कवी आर्चिबाल्ड मॅक्लिश. पुढे ती ‘ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन’मध्ये विलीन झाली. युद्धात उतरलेल्या देशाला काय सांगायचं, किती सांगायचं, सांगितलेलं लोकांपर्यंत पोहोचतंय का, त्याने त्यांचं मन वळतंय का, हे तिथले रोजचे प्रश्न. साहित्याचा प्राध्यापक समाजशास्त्रज्ञांच्या, मानसशास्त्रज्ञांच्या, मतचाचण्या घेणाऱ्यांच्या शेजारी बसून त्या प्रश्नांवर काम करत होता.

१९४३ साली श्रॅम आयोवाला परतले ते पत्रकारिता विभागाचे प्रमुख म्हणून, आणि जनसंज्ञापनातल्या पीएचडीचा आराखडा त्यांनी तिथेच मांडला. १९४७ मध्ये इलिनॉयला त्यांनी संज्ञापन संशोधनाची संस्था काढली, १९५५ मध्ये स्टॅनफर्डला गेले आणि तिथेही तेच काम केलं. १९७३ नंतर होनोलुलूच्या ईस्ट-वेस्ट सेंटरमध्ये. जिथे गेले तिथे पाट्या बदलल्या, पदव्या सुरू झाल्या, विद्यार्थी तयार झाले आणि ते विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठांत जाऊन विभाग काढू लागले.

विभाग उभा राहिला की त्याला पूर्वज लागतात. इथे १९५९ सालचा एक वाद लक्षात घ्यायला हवा. बर्नार्ड बेरेलसन यांनी ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’त लिहिलं की संज्ञापन संशोधन ओसरत चाललं आहे. मोठे विचार देणारी माणसं दुसऱ्या विषयांकडे वळली किंवा गेली, आणि त्यांच्या तोडीचं नवं काही उभं राहिलेलं नाही. या ओसरत्या विषयाचे चार मोठे प्रवाह म्हणून बेरेलसननी जी नावं घेतली ती हीच : लासवेल, लाझार्सफेल्ड, लेविन, होवलँड. श्रॅमनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. हा विषय मोठ्या चौरस्त्यासारखा आहे, पुष्कळ जण इथून जातात, थोडेच मुक्काम करतात, पण वर्दळ थांबलेली नाही, असा त्याचा आशय. काही वर्षांतच, १९६३ मध्ये, श्रॅमनी संपादित केलेल्या पुस्तकात हेच चौघे या शास्त्राचे संस्थापक म्हणून अवतरले. बेरेलसनच्या मृत्युलेखातली चार नावं श्रॅमनी जन्मदाखल्यावर चढवली.

माझं म्हणणं असं आहे की हा जन्मदाखला वाचताना मुलांना तीन गोष्टी कळत नाहीत, आणि त्याच मुळाशी आहेत. पैसा, युद्ध आणि गाळलेली माणसं.

पैसा आला रॉकफेलर फाउंडेशनकडून. तिथे मानव्यविद्यांचं काम पाहणारे जॉन मार्शल नावाचे अधिकारी होते. रेडिओचा समाजावर काय परिणाम होतो हे तपासण्यासाठी १९३७ मध्ये प्रिन्स्टनला रेडिओ संशोधन प्रकल्प सुरू झाला तो याच फाउंडेशनच्या अनुदानावर. हॅडली कॅन्ट्रिल, सीबीएस या रेडिओ कंपनीचे फ्रँक स्टँटन आणि संचालक म्हणून व्हिएन्नाहून आलेले लाझार्सफेल्ड. १९३९ मध्ये प्रकल्प कोलंबिया विद्यापीठात गेला. त्याच सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटलं आणि मार्शल यांनी वर्षभर चालणारं एक चर्चासत्र बोलावलं. लासवेल, लाझार्सफेल्ड, कॅन्ट्रिल, लिंड, आय. ए. रिचर्ड्स अशी मंडळी नियमाने जमत. ‘कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कुणाला, कोणत्या परिणामासह सांगतं’ हे लासवेल यांचं सूत्र छापलं गेलं १९४८ मध्ये, पण त्याची घडण या चर्चासत्रातली आहे. अमेरिकी सरकारला उघडपणे असा अभ्यास करणं तेव्हा अवघड होतं, देश अजून तटस्थ होता. फाउंडेशनला ते शक्य होतं.

मग युद्ध. लासवेल काँग्रेसच्या ग्रंथालयात बसून शत्रूच्या प्रचाराचं आशय विश्लेषण (कोणता विषय किती आणि कसा येतो ते मोजणं) करत होते. होवलँड लष्करात जाऊन फ्रँक काप्राच्या ‘व्हाय वी फाइट’ या युद्धप्रचाराच्या चित्रपटांचा सैनिकांवर काय परिणाम होतो ते प्रयोगाने तपासत होते. लेविन गृहिणींना काळीज, मूत्रपिंड असं एरवी न खाल्लं जाणारं मांस शिजवायला कसं पटवावं याचा अभ्यास करत होते, कारण चांगलं मांस आघाडीवर जात होतं. ‘परिणाम’ हा एकच शब्द या विषयाच्या केंद्रस्थानी का बसला, याचं उत्तर या कामांत आहे. कामं देणाऱ्याला परिणामच हवा होता.

आणि गाळलेली माणसं. हेर्टा हेर्झोग, मारी याहोडा, हेझल गॉडेट. ही नावं माझ्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकात नाहीत. त्यांच्याबद्दल प्रतिसादांत सविस्तर लिहीन. या विषयात काम केलेल्यांनी, शिकलेल्यांनी लिहावं, मतभेद असतील तर जरूर लिहावं.

रानवारा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. एक शंका. पत्रकारितेच्या शाळा तर याच्या कितीतरी आधीच्या. मिसुरीची १९०८ ची, कोलंबियाची १९१२ ची. आपल्याकडेही लाहोरला पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये पत्रकारिता विभाग सुरू झाला होता, आणि आमच्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्ये, सिरॅक्यूजहून आलेल्या रोलंड वूल्झली यांच्या पुढाकाराने. मग या विषयाची सुरुवात १९४० च्या दशकात का धरायची?

शब्दवेल

रानवारा, चांगला प्रश्न. त्या शाळांत बातमी कशी लिहायची हे शिकवत. बातमी वाचून माणसाचं काय होतं, हा प्रश्न तिथे अभ्यासाचा नव्हता. अपवाद होते, विस्कॉन्सिनचे विलर्ड ब्लेयर पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना समाजशास्त्रं शिकायला लावत. पण इमारत, विद्यार्थी, वर्गणीदार वृत्तपत्रं, सगळं या शाळांकडे होतं, आणि श्रॅमनी नेमकं तेच हेरलं. संशोधन त्यांनी पत्रकारितेच्या छपराखाली आणलं. त्यामुळे आजही आपल्याकडे एकाच विभागात एक जण संपादन शिकवतो आणि शेजारचा संख्याशास्त्र, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं जमत नाही.

कृष्णाकाठ

शब्दवेल ताई, लेख आवडला, पण तुम्हीही गोष्ट अमेरिकेतच सुरू केलीत. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं जर्मनीत काढली, म्हणून तिकडचं सांगतो.

लाइपझिग विद्यापीठात कार्ल ब्यूशर यांनी वृत्तपत्रविद्येची संस्था काढली ती १९१६ मध्ये. ब्यूशर अर्थशास्त्रज्ञ, तरुणपणी ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’ या वृत्तपत्रात काम केलेले. महायुद्ध चालू होतं, परस्परविरोधी बातम्यांचा पूर आला होता आणि वृत्तपत्रं जबाबदारीने लिहीत नाहीत याची त्यांना मनापासून चीड होती. म्हणजे तिथेही पाळण्याशेजारी युद्धच. त्याही आधी, १९१० मध्ये, फ्रांकफुर्टला भरलेल्या जर्मन समाजशास्त्रज्ञांच्या पहिल्या अधिवेशनात माक्स वेबर यांनी वृत्तपत्रांच्या समाजशास्त्रीय पाहणीची मोठी योजना मांडली होती. कात्री घेऊन वर्तमानपत्रं कापायची, कोणत्या विषयाला किती जागा मिळते आणि ती कशी बदलत गेली ते मोजायचं, इथपासून सुरुवात करू, असं ते म्हणाले. योजना तडीस गेली नाही. आशय विश्लेषण म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याचा आराखडा मात्र लासवेलच्या कितीतरी आधी तिथे होता.

नंतर नाझी आले. वृत्तपत्रविद्येचे बरेच प्राध्यापक नव्या सत्तेच्या सेवेला लागले, ज्यू आणि डावे विद्वान हाकलले गेले किंवा पळाले. जर्मनीतली परंपरा त्यामुळे बदनाम होऊन बसली, आणि निसटलेली माणसं अमेरिकेच्या हाती लागली. १९३३ मध्ये रॉकफेलरची शिष्यवृत्ती घेऊन गेलेले लाझार्सफेल्ड परत येऊ शकले नाहीत. लेविनही त्याच वर्षी बर्लिन सोडून गेले. तुमच्या चार जनकांतले दोन जण असे निर्वासित. तुमच्या यादीत पैसा आणि युद्ध आहे, त्यात हद्दपारीही घाला.

अवांतर : वक्तृत्व शिकवणाऱ्या १७ अमेरिकी शिक्षकांनी १९१४ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांची संघटना सोडून स्वतःची वेगळी काढली. आजची तिथली सर्वांत मोठी संज्ञापन संघटना तिचीच वारस आहे. त्यांची वंशावळ ॲरिस्टॉटलपर्यंत जाते, त्यांना श्रॅमशी काही देणंघेणं नाही.

मंद्रसप्तक

माहितीपूर्ण चर्चा. पण श्रॅम यांच्यावर थोडा अन्याय होतोय असं मला वाटतं.

हा माणूस लहानपणापासून तोतरा होता. बोलण्याच्या त्रासाने पिचलेल्या माणसाने आयुष्यभर माणसं एकमेकांशी कशी बोलतात याचा अभ्यास उभा करावा, यामागची तळमळ मी तरी बाजूला ठेवू शकत नाही. पूर्वज निवडले म्हणता, पण कुठल्या विषयाने निवडले नाहीत? चार वेगवेगळ्या विषयांतली कामं एका टेबलावर आणून ‘हे एकच काम आहे’ असं म्हणायला धाडस लागतं. श्रॅम नसते तर लेविन मानसशास्त्राच्या पुस्तकात राहिले असते आणि लाझार्सफेल्ड बाजार संशोधनाच्या.

दुसरं, पैसा कुठून आला यावरून ज्ञान खोटं ठरत नाही. १९४० च्या निवडणुकीत ओहायोतल्या ईरी काउंटीत लाझार्सफेल्ड आणि मंडळींनी ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर दरमहा भेटून विचारलं. प्रचाराने मतं फिरतात हे गृहीत धरून गेले होते. सापडलं भलतंच. फार थोड्यांनी पक्ष बदलला, आणि रेडिओ किंवा वर्तमानपत्रापेक्षा आजूबाजूच्या माणसांचं बोलणं जास्त कामाला आलं. पुढे इलिनॉयमधल्या डिकेटरला ८०० स्त्रियांच्या मुलाखती घेऊन हाच धागा पुढे नेला, त्यावरचं कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांचं पुस्तक १९५५ चं. प्रचार सर्वशक्तिमान नाही, हा निष्कर्ष कुठल्या प्रचारखात्याला हवा असणार? संशोधन प्रामाणिक होतं म्हणूनच तो आला.

शब्दवेल

मंद्रसप्तक, ईरी काउंटीबद्दल पूर्ण सहमत. तो अभ्यास मी दरवर्षी सगळ्यांत जास्त वेळ देऊन शिकवते. आणि कृष्णाकाठ काका, हद्दपारी यादीत घातली.

निष्कर्ष खोटे आहेत असं मी म्हणत नाही. कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते विचारलेच गेले नाहीत, हे पैशाने ठरतं. दोन उदाहरणं देते. १९५१ मध्ये श्रॅम आणि जॉन रायली यांनी कम्युनिस्टांनी सोल शहर कसं ताब्यात घेतलं यावर पुस्तक लिहिलं. त्यामागचं संशोधन अमेरिकी हवाई दलासाठी केलेलं होतं. डॅनियल लर्नर यांचं १९५८ चं पारंपरिक समाजांच्या अस्तावरचं पुस्तक विकास-संज्ञापनाचा, म्हणजे विकासासाठी माध्यमं वापरण्याच्या अभ्यासाचा, पाया मानलं जातं. तुर्कस्तान, लेबनॉन, इजिप्त, सीरिया, जॉर्डन, इराणमधल्या ज्या मुलाखतींवर ते उभं आहे, त्या मुळात ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’साठी घेतलेल्या होत्या. आमचं ऐकतं कोण, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. तेच मोजमाप पुढे ‘कोण किती आधुनिक’ याचं माप बनलं. क्रिस्टोफर सिम्पसन यांनी १९९४ मध्ये हा सगळा हिशेब मांडला, तोवर पाठ्यपुस्तकांत याचा उल्लेख जवळपास नव्हता.

प्रश्न बदलून पाहू इच्छिणारा एक माणूस लाझार्सफेल्डच्या रेडिओ प्रकल्पातच होता. जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडॉर्नो. लाझार्सफेल्डनी १९३८ मध्ये त्यांना रेडिओवरच्या संगीताच्या अभ्यासासाठी बोलावलं. श्रोत्याला काय आवडतं हे मोजण्याआधी ती आवड घडवतं कोण ते विचारा, असा त्यांचा आग्रह. अनुदान देणाऱ्यांना त्यात काही उपयोगाचं दिसलं नाही आणि संगीताचा भाग बंद झाला. लाझार्सफेल्ड यांना मात्र हे लागलं असावं. १९४१ मध्ये त्यांनी स्वतःच ‘प्रशासकीय’ (काम देणाऱ्याच्या उपयोगाचं) संशोधन आणि ‘चिकित्सक’ संशोधन असा भेद मांडणारा लेख लिहिला, आणि दुसऱ्या प्रकाराची गरज मान्य केली.

न्यू_जर्सीकर

या धाग्यावर लिहिलंच पाहिजे, कारण मी ग्रोव्हर्स मिलपासून गाडीने काही मिनिटांच्या अंतरावर राहतो. आमच्या भागात मराठी वस्ती भरपूर आहे, पण तिथल्या बागेतल्या त्या स्मारकाची गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकात मंगळवासी उतरले ते याच खेड्यात. प्रिन्स्टनचा रेडिओ प्रकल्प इथून हाकेच्या अंतरावर. संशोधकांच्या दारातच घटना घडली! त्यांनी लगेच मुलाखती सुरू केल्या आणि १९४० मध्ये कॅन्ट्रिल यांच्या नावाने पुस्तक आलं. १३५ जणांच्या मुलाखती, त्यातही बहुतेक जण घाबरले होते म्हणूनच निवडलेले. त्यावरून ‘अख्खा देश रस्त्यावर आला’ ही दंतकथा पक्की झाली, आणि ती पसरवण्यात रेडिओवर खार खाऊन असलेल्या वर्तमानपत्रांचा मोठा वाटा होता.

शब्दवेल ताई, तुम्ही म्हणता त्या हेर्झोग आणि गॉडेट या पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आहेत, ‘यांच्या साहाय्याने’ म्हणून.

शब्दवेल

हो, ‘यांच्या साहाय्याने’. त्या दोन शब्दांत किती काम दडलंय ते लिहिते.

हेर्टा हेर्झोग यांची पीएचडी व्हिएन्नाची, १९३२ ची. रेडिओवर वेगवेगळ्या माणसांकडून एकच मजकूर वाचून घ्यायचा आणि श्रोत्यांना विचारायचं, हा आवाज किती वयाच्या, कुठल्या धंद्यातल्या माणसाचा वाटतो? रेडिओच्या इतक्या लवकरच्या काळात केवळ आवाजावरून माणसाचं चित्र कसं बनतं, हे त्या तपासत होत्या. अमेरिकेत आल्यावर रेडिओ प्रकल्पात मंगळवासीयांच्या प्रकरणातल्या पहिल्या सविस्तर मुलाखतींमागे त्या होत्या. मग त्यांनी दुपारच्या कौटुंबिक मालिका ऐकणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. तेव्हा विद्वानांना या मालिका आणि त्या ऐकणाऱ्या बायका, दोन्ही तुच्छ वाटत. हेर्झोगनी त्यांना साधं विचारलं की तुम्हाला यातून मिळतं काय. कुणी म्हणालं मनसोक्त रडता येतं, कुणाला आपल्या आयुष्यात नाही ते तिथे भेटत होतं, आणि पुष्कळ जणी संसारात अडचण आली तर कसं वागावं याचा सल्ला म्हणून ऐकत होत्या. माध्यमं माणसाचं काय करतात, याऐवजी माणूस माध्यमांचं काय करतो, हा प्रश्न तिथे विचारला गेला. ‘उपयोग आणि समाधान’ नावाचा जो सिद्धान्त आम्ही १९७० च्या दशकातला म्हणून शिकवतो, त्याचं बी या १९४० च्या दशकातल्या मुलाखतींत आहे. १९४३ मध्ये हेर्झोग जाहिरातक्षेत्रात गेल्या. विद्यापीठात त्यांच्यासाठी कायमची खुर्ची नव्हती.

मारी याहोडा यांची गोष्ट तर मला सगळ्यांत जवळची. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव, गिरणी बंद पडून जवळपास अख्खं गाव बेकार झालेलं. १९३१-३२ मध्ये याहोडा, लाझार्सफेल्ड, हान्स त्साइझेल आणि सहकारी तिथे गेले. पुस्तकाचा मुख्य मजकूर लिहिला याहोडांनी. त्यात एक निरीक्षण आहे जे प्रत्येक संज्ञापनाच्या विद्यार्थ्याने वाचावं. लोकांकडे आता दिवसभर रिकामा वेळ होता, ग्रंथालय फुकट होतं, तरी पुस्तकं नेणं कमी झालं. वर्तमानपत्र स्वस्तात मिळत असूनही वाचणं घसरलं. पुरुषांची चालण्याची गतीसुद्धा मंदावली होती, आणि ती त्यांनी खिडकीत बसून मोजली. वाचायला वेळ लागतो हे आपण धरून चालतो. वाचायला उद्याची काही आशा लागते, हे मारिएन्थालने दाखवलं. १९३६ मध्ये ऑस्ट्रियाच्या हुकूमशाही सरकारने याहोडांना तुरुंगात टाकलं आणि पुढच्या वर्षी त्यांना इंग्लंडला जावं लागलं. चार जनकांच्या प्रकरणात त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

बिनतारी

मी दूरसंचार अभियंता, त्यामुळे आमच्या क्लॉड शॅननचं नाव अजून कसं आलं नाही याचं नवल वाटलं. १९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबरच्या अंकांत बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. पुढच्या वर्षी वॉरन वीव्हर यांच्या विवेचनासह इलिनॉय विद्यापीठाने तो पुस्तकरूपात छापला. श्रॅम तेव्हा इलिनॉयमध्येच, आणि वीव्हर हे रॉकफेलर फाउंडेशनचे नैसर्गिक विज्ञानाचे प्रमुख. शब्दवेल ताईंच्या पैशाच्या सूत्राला हा आणखी एक पुरावा.

शॅननच्या आकृतीत स्रोत, प्रेषक, वाहिनी, गोंगाट, ग्राहक आहेत. तुमच्या सगळ्या पाठ्यपुस्तकांत ती असते. पण शॅननने सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलंय की संदेशाच्या अर्थाशी अभियांत्रिकीच्या या प्रश्नाचा संबंध नाही. त्याला तारेतून किती माहिती बिनचूक जाऊ शकते ते मोजायचं होतं. अर्थ वजा करून काढलेली आकृती माणसांच्या संवादाची आकृती म्हणून शिकवली जाते, हे आम्हा अभियंत्यांना विचित्र वाटतं. १९५६ मध्ये शॅनननेच लिहून सावध केलं होतं की माहिती सिद्धान्त जिथे तिथे चिकटवू नका.

शब्दवेल

बिनतारी, श्रॅमनाही ही अडचण दिसली होती. १९५४ च्या लेखात त्यांनी आकृतीत दोघांच्या अनुभवांची वर्तुळं घातली. ती जिथे एकमेकांवर येतात तिथेच संवाद होतो. प्रतिसादाचा बाणही घातला. तरी परीक्षेत शॅननचीच आकृती येते, कारण ती काढायला सोपी.

नीरा_भीमा

धागा पहिल्यापासून वाचला. आता आपल्या मातीतलं लिहितो, कारण ही सगळी गोष्ट व्हिएन्ना, न्यूयॉर्क करत पुण्यात येते.

१९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे, सुमारे १५० गावं. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ, एक निमंत्रक, एक अध्यक्ष. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे. ऐका, चर्चा करा, कामाला लागा, हा मंत्र मूळ कॅनडाच्या शेतकरी रेडिओ सभांचा. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद आणि मंडळी बोलायला लागायची. मंडळांचे प्रश्न, शंका पुण्याला कळवल्या जायच्या आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची.

पाहणीचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि त्याची धुरा होती पॉल नॉयराट यांच्याकडे. हे नॉयराट कोण? व्हिएन्नाचे प्रसिद्ध विचारवंत ओटो नॉयराट यांचे पुत्र. १९३८ मध्ये नाझींनी पकडून दाखाऊला, मग बुखेनवाल्डला डांबलेले. सुटका झाल्यावर स्वीडनमार्गे अमेरिका गाठली, कोलंबियात शिकले, लाझार्सफेल्ड यांच्याबरोबर काम केलं. त्या छळछावण्यांतल्या समाजजीवनावर त्यांनी प्रबंध लिहिला. तो माणूस १९५६ मध्ये आपल्या गावांतून फिरत शेतकऱ्यांना विचारत होता की ऐकलेलं किती लक्षात राहिलं, त्यातलं काय करून पाहिलं.

पाहणीची रचना ईरी काउंटीच्या तालमीतली वाटते. मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं, रेडिओही नसलेली गावं. आधी प्रश्न, नंतर प्रश्न, आणि तुलना. मंडळांच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली. जिथे नुसता रेडिओ वाजत होता तिथे फरक फार कमी. शिवाय मंडळं हळूहळू गावाच्या कामांचे निर्णय घेऊ लागली. जगदीशचंद्र माथुर आणि नॉयराट यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला, आणि त्याच सुमारास ही मंडळं देशभर सुरू करायचं ठरलं. माथुर म्हणजे आकाशवाणीचे महासंचालक आणि हिंदीतले मोठे नाटककार. एव्हरेट रॉजर्स यांचं नवकल्पनांच्या प्रसारावरचं पुस्तक १९६२ चं, श्रॅम यांचं माध्यमं आणि राष्ट्रविकासावरचं १९६४ चं. पुण्याचा प्रयोग दोघांच्याही आधीचा आहे, आणि विकास-संज्ञापनाच्या जगभरच्या साहित्यात त्याचा दाखला दिला जातो. आपल्या विद्यापीठांत तो एखाद्या टिपेपुरता शिकवतात याचं मला फार वाईट वाटतं.

कृष्णाकाठ

नीरा_भीमा, अंगावर काटा आला. नॉयराट यांनी पुढे व्हिएन्ना विद्यापीठात लाझार्सफेल्ड यांच्या कागदपत्रांचं दालन उभं केलं, तेवढंच मला माहीत होतं.

एक साम्य दिसतं. लेविन यांच्या त्या मांसाच्या प्रयोगात नुसतं व्याख्यान ऐकलेल्या बायकांपैकी ३ टक्क्यांनी नवा पदार्थ करून पाहिला, आणि गटात चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. पुण्याच्या गावांतही रेडिओ नुसता ऐकणं आणि ऐकून बोलणं यात तोच फरक पडला. युद्धकाळातल्या स्वयंपाकघरात लागलेला शोध शेतकऱ्यांच्या मंडळात पुन्हा खरा ठरला.

मंद्रसप्तक

आणि श्रॅमही भारतात येऊन गेलेच. फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञगटात ते होते. त्या गटाच्या शिफारशींतून दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये सुरू झाली. म्हणजे आपल्याकडच्या या विषयाच्या रचनेवर त्यांचा ठसा थेट आहे.

शब्दवेल

ठसा आहे, हे खरं. त्याची किंमतही आहे. आपल्याला विषय मिळाला तो ‘माध्यमं आणली की विकास होतो’ या गृहीतकासह. जमीन कुणाच्या नावावर, पाणी कुणाच्या शेतात, रेडिओ कुणाच्या ओसरीवर, हे प्रश्न त्यात बसत नव्हते. एव्हरेट रॉजर्स यांनी १९७६ मध्ये स्वतःच लेख लिहून हा प्रभावी विचारव्यूह (पॅराडाइम) मागे पडल्याचं मांडलं. स्वतः उभारण्यात हात असलेल्या सिद्धान्ताबद्दल असं लिहिणं, याचा मला आदर वाटतो.

चौकस_मुलगी

ताई, मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. पेपर पुढच्या महिन्यात आहे. ‘संज्ञापनशास्त्राचे जनक’ हा प्रश्न हमखास येतो. हे सगळं लिहिलं तर गुण कापतील का?

शब्दवेल

चौकस, चारही नावं आणि प्रत्येकाचं काम नीट लिही, तो भाग सोडू नकोस. मग वेगळा परिच्छेद कर : ही यादी बेरेलसन १९५९, श्रॅम १९६३ अशी कशी बनली. त्याखाली हेर्झोग, याहोडा आणि पुण्याचा १९५६ चा प्रयोग, प्रत्येकी दोन ओळी, सालांसकट. साल आणि जागा अचूक असतील तर कुठलाही परीक्षक ते खोडू शकत नाही.

नीरा_भीमा, तुमचा प्रतिसाद मी पुढच्या सत्रात वर्गात वाचायला देणार आहे, परवानगी असेल तर.

नीरा_भीमा

परवानगी कसली, जरूर द्या. माझी इथल्या सगळ्यांनाच विनंती आहे. त्या पाच जिल्ह्यांत कुणाचे आजोबा, चुलते रेडिओ मंडळात बसलेले असतील, कुणाच्या घरी त्या काळचे कागद, मंडळाचं इतिवृत्त, पुण्याहून आलेलं पत्र असेल, तर फोटो काढून या धाग्यावर टाका. युनेस्कोच्या अहवालात आकडे आहेत. सभेत नक्की कोण काय बोललं, ते आपल्याच घरांत मिळेल.